निळीच्या आठवड्यातली लाल पावलं

पायाला मुंग्या येतात तेव्हा माणूस कुरकुरतो. मग एक दिवस त्या थांबतात आणि त्याला वाटतं, गेलं एकदाचं. मलाही तसंच वाटलं होतं. ज्याच्या मुंग्या नुकत्याच थांबल्या असतील, त्याच्या हाती हे पडावं म्हणून लिहितो आहे.

माझं नाव यासीन. नंदुरबारात आमचं रंगाऱ्याचं घर. घरी आम्ही अहिराणी बोलतो, भांडण झालं की हिंदुस्थानी. पण मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलो आहे, म्हणून हे लिहिणं जमतं. घरात थोरला भाऊ करीमभाई, अम्मा, माझी बायको जुलेखा आणि आमची चार वर्षांची नूरी. भाईची बायको बाळंतपणात गेली, त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. रंग कालवणं आणि कापड बुडवणं भाईचं काम. बुडवलेलं कापड दगडी कुंडीत उभं राहून तुडवायचं, हे माझं. अब्बा म्हणायचे, करीमचे हात आणि यासीनचे पाय मिळून एक रंगारी होतो.

पहिल्यांदा गेली ती चप्पल. बाजारातून घरी आलो, तर जुलेखा म्हणाली, "डावी चप्पल कोठे शे?" खाली पाहिलं तर डावा पाय उघडा. परत शोधत गेलो. तेलघाणीच्या गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध ती पडलेली होती. तिथून घरापर्यंत सगळी खडी. मी त्या खडीवरून उघड्या पायानं चालत आलो होतो आणि मला ते कळलं नव्हतं. मी हसलो. जुलेखा हसली नाही.

त्यानंतर महिन्याभरानं ती दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. मी आत आलो, तशी मान न वळवता म्हणाली, "तुमना मांगे कोन उना?"

"कोनीच नही."

"दोन मानसं उनात. एक तुम्ही. दुसरा पाय आपटत उना."

ती उठून दारात गेली आणि गल्लीत दोन्हीकडे पाहून आली. दुपारची वेळ, गल्लीत कुत्रंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा ती पुन्हा दारात गेली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवसापासून मला घराकडे येताना मागं वळून बघायची सवय लागली. फट्, फट्, असा आवाज खरंच येत होता. मी थांबलो की तो थांबायचा.

*

विलायतेत लढाई सुरू झाल्यापासून डब्यातून येणारा तिकडचा लाल रंग बाजारातून नाहीसा झाला होता. चार महिने आमच्या घरात लालाचा थेंब नव्हता. नीळ तेवढी मिळे, म्हणून आम्ही निळीचंच काम धरलं होतं. भाईचे हात कोपरापर्यंत निळे, माझे पाय गुडघ्यापर्यंत निळे, आणि नूरी कुंडीशी खेळायची म्हणून तिचेही तळवे निळे.

अशा दिवसांत एका दुपारी अम्मा अंगणातून ओरडली. मी ओसरीवर वारा घेत बसलो होतो. धावत गेलो, तर ती जमिनीकडे बोट दाखवून उभी.

सारवलेल्या अंगणात पावलं उमटली होती. लाल. मागच्या दारातून आत आलेली, पाण्याच्या रांजणापर्यंत गेलेली, तिथून कोनाड्यापाशी, आणि तिथून आत, नूरी झोपली होती त्या बाजेपर्यंत. बाजेशी ती पावलं थोडा वेळ थांबली असावीत, कारण तिथं एकावर एक ठसे होते. मग वळून बाहेर. सगळी एकाच पायाची. डाव्या.

"हाई कोना पाय शे?" अम्मानं विचारलं. आवाज एवढा बारीक की आधी मला कळलंच नाही.

भाई आला. त्यानं ठशाशेजारी आपलं पाऊल ठेवून पाहिलं. त्याचं पाऊल फार रुंद. जुलेखाचं लहान. अम्मा ओठातल्या ओठात आयत पुटपुटू लागली आणि तिनं आत जाऊन झोपलेल्या नूरीला उचलून छातीशी धरलं. मी कोपऱ्यातली काठी उचलली आणि मागचं दार, सरपणाची खोली, कोठी, सगळं धुंडाळून आलो. कुणी नव्हतं. परत आलो तेव्हा जुलेखा जमिनीकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. मी जिथं जिथं शोधून आलो होतो, तिथं तिथं नवी पावलं उमटली होती.

"बठा," ती म्हणाली. "पाय देखाडा."

निळ्या तळव्यात, टाचेच्या जरा पुढं, बैलाच्या नालेचा वाकडा खिळा डोक्यापर्यंत रुतलेला होता. भाईनं माझा पाय मांडीवर घेतला, पक्कड लावली आणि खेचला. लाकडातून निघावा तसा तो निघाला. मी पाहत होतो. दुसऱ्याच कुणाचा खिळा काढत असल्यासारखा.

"दुखस का?" अम्मानं विचारलं.

"नही."

"थोडं बी नही?"

"नही."

जुलेखानं पाणी आणून अंगण धुवायला घेतलं. तो खिळा पायात घेऊन मी सकाळभर कापड तुडवलं होतं, पाणी प्यालो होतो, नूरीला खांद्यावर घेऊन फिरवून झोपवलं होतं.

*

आमच्याकडे त्या रोगाला कोढ म्हणतात, शेजारी रगतपिती म्हणतात, शाळेच्या पुस्तकात महारोग. आमच्या घरात पुढचे आठ दिवस यातला एकही शब्द उच्चारला गेला नाही. नवव्या दिवशी भाई म्हणाला, "चाल." आम्ही सकाळच्या गाडीनं नवापूरच्या बाजूला गेलो. तिथं सागाच्या रानाला लागून मिशनचा एक दवाखाना होता.

डॉक्टरबाई नगरकडच्या. चष्मा, पांढरं लुगडं, बोलणं सरळ. त्यांनी मला बाकावर पाय सोडून बसवलं आणि डोळ्यांवर फडकं बांधलं.

"यासीनभाई, मी पायाला पीस लावीन, कधी टाचणी लावीन. कळलं की 'हां' म्हणायचं. एवढंच."

मी नीट लक्ष दिलं. परीक्षेत पास व्हायचंच असा हट्ट धरला होता. पोटरीवर कळलं, हां म्हटलं. नडगीवर, हां. मग घोट्याजवळ बारीक काहीतरी सरकलं, हां. तळव्यावर गुदगुल्या झाल्यासारखं, हां. अंगठ्यावर, हां. मला बरं वाटू लागलं. हां, हां, असं मी म्हणत राहिलो.

फडकं सोडलं तेव्हा डॉक्टरबाई खोलीच्या पलीकडच्या टोकाला, खिडकीशी उभ्या होत्या. भाई भिंतीला टेकला होता आणि त्याच्या तोंडावर रक्त नव्हतं.

"भाई, काय व्हयनं?"

डॉक्टरबाईंनीच सांगितलं. "घोट्याखाली मी टाचणी टोचली तेव्हा तुम्ही गप्प होतात. मी इकडे येऊन उभी राहिले, त्यानंतर तुम्ही सहा वेळा 'हां' म्हणालात."

मी पाय पाहिला. तळव्यावर टाचणीचे बारीक लाल ठिपके होते. मग मला शिवत होतं ते काय होतं? हे मी आजही कुणाला विचारत नाही.

बाई पुन्हा माझ्यासमोर बसल्या. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा असतो. त्याच्या मागं त्यांनी बोट फिरवलं. त्यांच्या बोटाखाली काहीतरी गोल, टणक, खाटेच्या सुतळीएवढं सरकलं आणि कळ नडगीतून खाली जाऊन मध्येच विझली. "ही नस," त्या म्हणाल्या. "पाऊल वर उचलायचं काम हिचं. ही सुजली आहे, म्हणून तुमचा चवडा खाली लोंबतो आणि चालताना आपटतो. आणि ही दुसरी." त्यांनी आतल्या घोट्यामागं बोट ठेवलं. "तळव्याची सगळी खबर वर नेणारी. तीही सुजली आहे. कुणाची करणी नाही, कुणाची नजर नाही. हा महारोग आहे. आणि त्याला औषध आहे."

शब्द उच्चारला गेला. मला आधी नूरी आठवली. "मन्ही पोरगी मन्हाजवळ झोपस," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "आता इथं राहायचं. वर्षभर तरी."

भाई परत निघाला तेव्हा फाटकाशी थांबला. मिठी मारली नाही. उजवा हात पाठीमागं लपवल्यासारखा धरून म्हणाला, "गल्लीमा मी सांगसू, तू सुरतना गिरणीमा गया." मी हो म्हटलं. मला वाटलं, तो माझी लाज झाकतोय.

*

तिथला दिवस असा: सकाळी ओळीनं बसून घमेल्यातल्या पाण्यात पाय भिजवायचे, पुसायचे, तेल चोळायचं आणि मग शेजाऱ्याचा पाय हातात घेऊन तळवा पाहायचा. आपला तळवा आपल्याला दिसत नाही, म्हणून जोड्या लावलेल्या होत्या. काटा, फोड, चीर, काहीही असलं तर मोठ्यानं सांगायचं. औषध म्हणून आठवड्यातून दोनदा चालमोगऱ्याच्या बियांच्या तेलाची सुई. तेल दाट, सुई जाड, आणि नंतर दोन दिवस मळमळ. जिथं दुखत होतं तिथं मात्र मी मनातल्या मनात त्या दुखण्याला सलाम करायचो.

माझा जोडीदार दित्या, काठी गावाच्या पलीकडच्या डोंगरातला पावरा आदिवासी. त्याच्या दोन्ही पायांची मिळून चार बोटं उरली होती. तो बाजारातली मराठी बोलायचा, कमी शब्दांची. रोज सकाळी पाय पाण्यात घातला की तो त्याला नावानं हाक मारायचा. डाव्याचं नाव एक, उजव्याचं दुसरं.

"कशाला हाका मारतो?" मी विचारलं.

"घरी नाही तो. रानात गेला. बोलवला तर ऐकेल."

"आणि आला नाही तर?"

"नाही आला. पण मी वाट बघतो, असं त्याला कळेल."

थंडीचे दिवस होते. सूर्य वर यायच्या आधी आम्ही पाचसहा जण शेकोटीभोवती बसायचो. दित्या त्या दिवशी वाघाची गोष्ट सांगत होता, त्याच्या बापाला वाटेत भेटलेल्या. सगळे तोंड उघडं टाकून ऐकत होते. मध्येच मला भाजलेल्या मटणाचा वास आला. मला भूक लागली. मी म्हटलंसुद्धा, "आज कोणी बकरा कापला का?" दुसऱ्यानं नाक वर करून हुंगलं. तिसरा म्हणाला, "कुठं, आज तर वरण." आम्ही सगळे मान वळवून स्वयंपाकघराकडे बघू लागलो. दित्या बोलतच होता, आणि त्याची उजवी टाच निखाऱ्यात होती.

मीच त्याला मागं ओढलं. त्यानं टाचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावला नाही, ओरडला नाही. "बघ," तो म्हणाला, "तो आला असता तर सांगितलं असतं." त्या दिवसापासून मला अनेक दिवस जेवणाचा वास सहन झाला नाही. आणि त्या दिवसापासून मीही माझ्या पायाला हाक मारू लागलो. डॉक्टरबाईंनी एकदा ऐकलं. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, "मारा. हाक मारता तेव्हा त्याच्याकडे बघता तरी."

चौथ्या महिन्यात माझा पाय जागा झाला. टाचणी कळत नव्हती त्याच पायात आग पेटली. तळव्यात, बोटांत, नखांच्या खाली. हात लावला तर काही नाही, लाकूड. आणि त्या लाकडाच्या आत कुणीतरी निखारे फिरवतंय. मी भिंतीवर डोकं आपटलं. बाईंनी पाय फळीला बांधला, गुडघा जरा वाकवून, आणि शेजारी बसून राहिल्या. "नस सुजून आतल्या आत दाबली गेली आहे," त्या म्हणाल्या. "ही उतरेल." अकरा दिवसांनी उतरली. आग गेली तेव्हा पाऊल उचलायची उरलीसुरली ताकदही घेऊन गेली. मी अंगठ्याला हुकूम देत होतो, वर हो, वर हो. तो माझ्याकडे पाहत होता.

*

सहाव्या महिन्यात जुलेखा आली, अम्माला घेऊन. अम्मा फाटकाजवळच्या लिंबाखाली बसली, पदरानं तोंड झाकून, आणि तिथून पुढं आली नाही. जुलेखा ओसरीपर्यंत आली.

"मन्हा अब्बा रनाळ्यातीन उना व्हतात," ती म्हणाली. तिचं माहेर रनाळ्याचं. "म्हनतस, चाल घर. सुरतनी गोष्ट त्यासले खरी वाटत नही."

"मंग?"

"मंग काय? मी नही गई."

ती खाली बसली आणि तिनं माझा डावा पाय उचलून मांडीवर घेतला. सहा महिन्यांत घरच्या कुणीही मला शिवलं नव्हतं. तिचे अंगठे तळव्यावर फिरत होते हे मला दिसत होतं, फक्त दिसत होतं. तिच्या हाताची ऊब, बांगड्या, काही नाही. मी रडायला लागलो.

"आठे कळस का?" तिनं तळव्यावर बोट ठेवून विचारलं.

"नही."

"आठे?" घोटा.

"नही."

तिचा हात नडगीवरून चिमूट चिमूट वर सरकत गेला. पोटरीच्या मध्यावर आला आणि एकदम तिचा हात माझ्याजवळ आला. घामानं ओला, खरखरीत, निळीनं तडकलेला.

"आठे," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "म्हंजे इथलोंग तुम्ही शेतस." आणि पदरानं आपले डोळे पुसून डॉक्टरबाईंकडे गेली, तळवा कसा बघायचा ते शिकायला.

*

सव्वा वर्षानं मला सोडलं. रोग थांबला आहे, माझ्यापासून कुणाला धोका नाही, असा कागद बाईंनी लिहून दिला. गेलेली नस परत येणार नाही, हेही सांगितलं. दवाखान्यातल्या मोच्यानं एक पट्टा करून दिला: गुडघ्याखाली चामड्याची पट्टी, तिथून एक वादी खाली बुटाच्या टोकापर्यंत, म्हणजे चवडा लोंबत नाही. दित्यानं निरोप देताना माझा तळवा शेवटचा बघितला आणि म्हणाला, "साफ आहे."

घरी मला ओळखायला नूरीला दोन दिवस लागले. शुक्रवारी नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर मंडळी बसली होती. कुणीतरी विचारलं, "काय यासीनमिया, सुरत कशी शे?" भाई माझ्या मागंच उभा होता. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. गिरणी, भोंगा, चाळ, सगळं भाईनं पढवलेलं. पण समोर बसलेल्या तीसएक माणसांच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. सवयच लागली होती ती. कितीतरी चपला बाहेर काढलेल्या, कितीतरी उघडे पाय, आणि त्यातल्या कुणाचा पाय घरी नाही, हे वरून कळत नव्हतं.

"मी सुरतले नव्हतू," मी म्हटलं. "माले कोढ व्हयना व्हता. दवाखानामा व्हतू. आते थांबना शे. कोनाले पायनं, हातनं कळत नसीन, तर माले ईसन सांगा. तिकडे औषध शे."

ओटा रिकामा झाला. कुणी शिवी दिली नाही, फक्त एकेक करून उठले. पुढच्या आठवड्यात गावातली पागोटी रंगायला येणं थांबलं. डोंगरातली गिऱ्हाइकं येत राहिली. भाई आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. माझ्याकडे पाहतही नव्हता. मला वाटलं, मी घराचं नाव बुडवलं म्हणून.

नवव्या सकाळी मी कुंडीपाशी बसून कापड हातानं पिळत होतो. भाई समोर येऊन बसला. त्यानं सदऱ्याची उजवी बाही वर केली. निळीचा रंग हाताला जिथपर्यंत चढतो त्याच्याही वर, कोपराच्या वरच्या बाजूला, तळहाताएवढा फिकट चट्टा होता. त्यावर केस नव्हते, घाम नव्हता.

"कधीपासून?"

"तुन्हा आधीपासून," तो म्हणाला. "दोन वरीस आधीपासून. मन्हापासून तुले लागनं, यासीन. त्या दिवशी तठे बाईनी सांगं, तवयच माले समजनं. मी बोलनू नही."

मी त्याचा हात धरला. तो सोडवून घ्यायला बघत होता. मला राग आला नव्हता असं म्हणणं खोटं होईल. माझा पाय माझ्या डोळ्यांसमोर होता, पट्ट्यानं बांधलेला. पण तो निळा हात मी लहानपणापासून ओळखत होतो.

"गाडी सकायनी शे," मी म्हटलं. "कपडा बांध."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्याला आत घेतलं आणि दार लावलं. मी ओसरीवर बसलो. आतून काही ऐकू येईना. ती शांतता मला माहीत होती. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथं लिहीत नाही.

मग टाचणी लागली तसा आतून करीमभाई ओरडला. "अरे बाप रे! टाचमा दुखस ना, बाई!" थोडा वेळ गेला, आणि पुन्हा ओरडला, "दुसरीमा बी दुखस!" मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्या ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, मोठमोठ्यानं हसत सुटलो.